भिंगाखालचं तळं

काल माठावरचं फडकं पिळताना त्याचा कुबट वास आला आणि परंडा तालुक्यातलं आमचं अंगण एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं.

माझ्या वडिलांच्या, दादांच्या पायातून तेव्हा नारू निघत होता. दोऱ्यासारखा तो पांढरा किडा आई रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायची. ही करणी थोरल्या काकूनंच केली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. भिंतीपलीकडं राहणाऱ्या त्या जावेशी तिनं बोलणंच टाकलं होतं.

त्या दुपारी दवाखान्याचा माणूस आला. त्यानं आमच्या घागरीतलं तळ्याचं पाणी फडक्यातून गाळलं, फडक्यावर राहिलेले ठिपके काचेवर घेतले आणि आईच्या हातात भिंग दिलं. मीही वाकून पाहिलं. एकेका डोळ्याचे बारीक जीव टुणटुण उड्या मारत होते.

"मावशी, यांच्या पोटात नारूचं पिल्लू असतंय. पाणी न गाळता प्यालं की ते आपल्या पोटात जातं, अन् वर्षभरानं पायातून निघतं."

आईनं भिंग पटकन खाली ठेवलं.

"पानी तर म्याच आणते," ती म्हणाली. "माज्याच हातानं पाजलं की."

आई त्या किड्यांना भ्याली, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

पलीकडून काकूच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो ऐकून आई उठली. पाणी गाळायला तिनं आपलं धुवट लुगडं फाडलं, त्यातलं अर्धं घेऊन ती काकूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जाऊबाई," एवढंच म्हणाली. मग हातातलं फडकं तिनं काकूपुढं धरलं.