दातांवर घातलेला आळ

हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही. यजमान गेले, त्यांनाही ठाऊक नव्हते. तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. शिक्षिकेची सवय अशी की अवघड भागाआधी सोपा भाग समजावून द्यावा. तसेच करते.

रोटाव्हायरस नावाच्या विषाणूमुळे लहान मुलांना उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब होतात. तो मुलांना कोणत्या वयात गाठतो? बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षे. तान्ह्या बाळाला आईकडून मिळालेले थोडे संरक्षण असते. ते ओसरते, मूल रांगू लागते, हाती येईल ते तोंडात घालते. त्यापुढे, एकदोनदा गाठ पडल्यावर, शरीर त्याला ओळखू लागते. आता पाहा — दुधाचे दातही याच काळात येतात. म्हणून सारे गाव म्हणे, ‘दातांची हगवण’. पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे होते का? कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही, हे मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत असे.

मी शिकवत असे ते नागभीडजवळचे गाव अजून डोळ्यांपुढे येते. हिवाळ्यात तलावावर धुके असे, नव्या धानाचा वास येई, अंगणाअंगणात जाळी वाळत असत. त्या जाळ्यांतून वाट काढत शेवंता यायची. तिचा नवरा तलावात मासे धरी. ती माझ्याकडे वरकाम करी. चेष्टा करायला कधी भ्यायची नाही. “बाई, तुमाले मासोडीचा काटा काढता येत नाई, अन् लेकराईले का शिकवता जी?” तिची चिंगी तेव्हा आठ-नऊ महिन्यांची होती. माझ्याच ओसरीत, साडीच्या झोळीत झोपायची. किती सुंदर सकाळी होत्या त्या!

त्या हिवाळ्यात नर्सबाईंनी शाळेत आयांची सभा घेतली. शेवंता बाजाराला मासळी घेऊन गेली होती. नर्सबाईंनी स्वच्छ सांगितले — ही हगवण दातांची नव्हे. मीठ-साखरेचे पाणी पाजत राहा, मूल मलूल झाले तर थांबू नका, दवाखाना गाठा. अध्यक्षस्थानी मी होते. आभारही मीच मानले.

थोड्याच दिवसांनी शेवंता सकाळीच दारात उभी राहिली. “बाई, पोरगी उलट्या करून राह्यली. हगवन तं निरी पानी. नागभीडले दवाखान्यात नेऊ का?”

त्या दिवशी माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. मासे साफ करायचे होते, रस्सा शेवंताच्याच हातचा हवा होता. मी चिंगीचे तोंड उघडून पाहिले. खालच्या हिरडीवर दोन पांढरी टोके — आणि मी म्हणाले, “दात येत आहेत. उद्या बघू.”

मला माहीत होते. हे पुन्हा लिहिते — मला माहीत होते.

पाहुणे जेवले, रश्श्याचे कौतुक झाले. झोळी शांत होती. मला उलट बरे वाटले. दुपारी शेवंताने चिंगीला उचलले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, रडायलाही येत नव्हते. कुणाच्या तरी मोटारसायकलवरून तिला नेले. नागभीड येण्याआधीच ती गेली.

शेवंताने मला दोष दिला असता तर? तिने दिला नाही. “दातच वैरी झाले, बाई,” म्हणाली. पुढे बोअरिंगवर पाणी भरताना कोवळ्या आयांना ती सांगे, “दाताच्या हगवनीले इलाज नाई. बाईनंच पाह्यलं होतं, दात आले होते.” मी घागर भरून घेत असे. दातांचा काही संबंध नाही, असे म्हटले असते तर तिचा पहिला प्रश्न काय असता? तोच मला नको होता.

मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी शेवंताने माझी ओटी भरली. शेजारी एक तरुण आई कडेवर मूल घेऊन उभी होती. तिने विचारले, “बाई, लेकराले दात येऊन राह्यले, कालपासून हगवन लागली. भेव नाई ना जी?”

शेवंता माझ्या तोंडाकडे पाहत होती. दवाखान्यात ने — एवढेच दोन शब्द होते. ते त्या आईने ऐकले असते.

मी ‘भीती नाही’ अशी मान हलवली आणि गाडीत बसले.

ते मूल मुलगा होता की मुलगी, हेही मी पाहिले नाही. त्याचे पुढे काय झाले, ते कधी विचारले नाही.