तब्येत विचारणारी माणसं

विमा कंपनीतून कुणी "काकांची तब्येत कशी आहे?" असं मायेनं विचारलं की माझ्या कपाळावर आठी पडते. इतकी फुकटची माया करायला ती माणसं काय आमच्या भावकीतली आहेत?

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, गुडघ्याची वाटी सांगलीत बदलली. साताऱ्यातल्या माझ्या नोकरीतून मिळालेल्या विम्यात आबाही होते. ऑपरेशनचं बिल कंपनीनं बिनबोभाट दिलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पुढे व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट रहिमतपूरला आमच्या घरी येऊ लागला. आबांना आधाराशिवाय चालता येईपर्यंत तो खर्चही कंपनीचाच होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघा आताच वाकता झाला तर झाला, नाहीतर जन्मभर ताठ राहील. आबा वॉकर धरून जेमतेम न्हाणीघरापर्यंत जात होते, आणि मधेच कंपनीनं कळवलं की पेशंट बरा झाला, आता व्यायामाचे पैसे बंद.

कुठंतरी पाणी मुरत होतं. आधी मला फिजिओथेरपिस्टचा संशय आला, मग समोरच्या काकूंचा, कारण गावभरच्या खबरी त्यांच्याकडे असतात. शेवटी फोन करून कंपनीलाच फैलावर घेतलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही तब्येत विचारायला फोन केला तेव्हा काका स्वतःच म्हणाले, एकदम ओके आहे. कॉल रेकॉर्ड आहे."

मी आबांकडे वळले. "आबा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? परक्या बाईम्होरं गुडघा धरून रडू व्हय?"

तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. दुखतंय हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

मी तक्रार लावून धरली, तेव्हा कंपनीनं खात्री करायला माणूस पाठवला. तो यायच्या आधी मी आबांना दहादा पढवलं, "वॉकर सोडायचा नाही. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं." तो आला, चपला बाहेर काढून आत बसला, चहाचं कौतुक केलं. मला त्या कौतुकाचाही भरवसा वाटेना. आबा खुर्चीत बसून सगळं खरं सांगत होते, मान खाली घालून का होईना. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग तो जायला उठला, आणि आबाही उठले. फाटकापर्यंत पोचवल्याशिवाय आम्ही पाहुण्याला घरातून जाऊ देत नाही, मग तो वसुलीला आलेला का असेना.

"आबा, वॉकर!" मी ओरडले.

ते चालत निघाले, मोकळ्या हातांनी, ओठ आवळून. फाटकाशी त्या माणसानं मोबाईल काढला. "काका, आठवण म्हणून एक फोटो." आबांनी छाती पुढं काढली. मी धावले, पण फोटो निघाला होता. पुढं कंपनीचा नकार आला, त्याला हाच फोटो जोडलेला होता.

मोबाईल खिशात टाकून त्या माणसानं मोटारसायकल सुरू केली. आबा फाटक धरून उभेच.

"वळनापल्याड गेला का गं त्यो?"

"गेला."

"मग धर मला पोरी. लय दुखतंय."

आणि त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला.