मंगळवारचा डबा

हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या वहिनींनी नवी साडी खराब करून घेतलीय.

मीरा रोडला येऊन आम्हाला थोडीच वर्षं झाली होती. हे गेले, मिलिंद नोकरीसाठी बंगलोरला गेला, आणि फ्लॅटमध्ये मी एकटी. एकटी म्हणजे काय, मजेत! सकाळी टँकर आला की पाणी भरायचं, दुपारी पेपर, संध्याकाळी सिरियल. मला काय धाड भरलीय, असं मी सगळ्यांना सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

एक दिवस आमच्या भागातले सावंत घरी आले. एकट्या पडलेल्या वयस्कर माणसांसाठी त्यांनी एक छोटं मंडळ काढलं होतं. आठवड्यातून एकदा भेटायचं, तासभर गप्पा मारायच्या, एवढंच काम.

"कुंदाताई, नया नगरच्या अलीकडच्या गल्लीत सुमतीमावशी राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. मंगळवारी संध्याकाळी जाल का त्यांच्याकडे?"

"अहो, जाईन की! बिचारी म्हातारी."

"फक्त एक करा. काही घेऊन जाऊ नका. नुसत्या गप्पा."

आता मला सांगा, परळच्या चाळीत जन्म काढलेली बाई कुणाच्या दारात हात हलवत जाईल का? मी शंकरपाळ्यांचा डबा भरला आणि गेले.

सुमतीमावशी ऐंशीच्या घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गात असल्यासारखा खणखणीत. बसते न बसते तोच त्यांनी सुरू केलं. "जेवतेस का नीट? झोप लागते? मुलाचा फोन येतो?"

मला वाटलं, बोलायला किती आसुसल्यात! म्हटलं, बोलू द्यावं. म्हणजे त्यांनी विचारायचं आणि मी बोलायचं. तासाचे दोन तास कधी झाले कळलं नाही. आमच्या यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल मी कुणापाशी बोलले नव्हते, ते त्या दिवशी सगळं बोलून टाकलं. थोडी रडलेसुद्धा. तेवढंच त्यांचं मन रमलं असेल, असं म्हणत घरी आले.

पुढच्या मंगळवारी डबा परत मिळाला. पण आत बेसनाचे लाडू! मावशी गिरगावच्या चाळीतल्या. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांच्याही हाडात मुरलेलं. मग त्यापुढच्या मंगळवारी मी रिकाम्या हाताने कशी जाणार? मी कोथिंबीर वड्या नेल्या. तिकडून अळूवड्या आल्या. मी पुरणपोळ्या नेल्या, तिकडून साटोऱ्या. एका डब्याचा चार पुडांचा डबा झाला हो! माझी कंबर धरली. त्यात टँकर आला नाही की कणीक मळायलाही पाणी नाही. शेवटी मी गुपचूप स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणायला लागले आणि वर सांगायचे, "घरचंच आहे."

या सगळ्याच्या मध्यावर सावंतांनी मला मंडळाच्या सभेत बोलायला सांगितलं. नवीन माणसं आली होती. मी काय सोडतेय! "एकट्या माणसाला समजून घ्यावं लागतं," मी म्हटलं. "त्यांना कळू द्यायचं नाही की आपण त्यांच्यासाठी आलोय." टाळ्या थांबेनात. एका बाईंनी तर डोळे पुसले. त्या दिवशी मी पायाखाली न बघता घरी आले.

आणि मग तो मंगळवार. मी डबा उघडला, त्यात नारळाच्या वड्या. मावशींनी आपलं ताट पुढे केलं, त्यातही नारळाच्या वड्या. तोच फिका गुलाबी रंग, आणि प्रत्येक वडीवर तोच एक तिरका बेदाणा.

मावशींनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे.

"केंद्रातल्या?" मावशींनी विचारलं.

"हो. तुमच्या?"

"मग काय! या गुडघ्यांनी ओट्याशी उभं राहवतं का मला? लाडूंपासून सगळं केंद्रातलंच. म्हटलं, एकटं पोर आशेने येतं, त्याला चार घास गोड मिळावेत."

"पोर? अहो मावशी, मी तुमच्यासाठी येते! सावंतांनी पाठवलंय मला. तुम्ही एकट्या म्हणून!"

मावशींनी चष्मा काढला. "कुंदा, मी त्या मंडळात पहिल्यापासून आहे. मला जिने उतरवत नाहीत, म्हणून सावंत माणसं माझ्याकडे पाठवतात. तुझ्या मिलिंदने त्यांना बंगलोरहून फोन केला होता. म्हणाला, आई फोनवर सारखी मजेत आहे म्हणून सांगते, मला भीती वाटते."

मी वडी तशीच ठेवली आणि उठून आले. राग आला होता. सावंतांचा, मिलिंदचा, त्या बेदाण्याचासुद्धा.

पुढच्या मंगळवारी जायचंच नाही असं ठरवलं. सिरियल लावली. पडद्यावर कोण कुणाची सासू ते कळेना. घड्याळाकडे बघत बसले होते, आणि बघता बघता लख्ख कळलं की सोमवार रात्रीपासून मी याच वेळेची वाट बघत असते. मजेत वगैरे काही नव्हते मी. चपला घातल्या आणि निघाले. डबा न घेता.

मावशींनी दार उघडलं, माझे रिकामे हात बघितले.

"बरं झालं. मीही काही मागवलं नाही. ये."

चहा झाला. बराच वेळ गेल्यावर मी हळूच म्हटलं, "पण मावशी, काही म्हणा, सभेत माझं भाषण मात्र सगळ्यांना फार आवडलं हं. काय टाळ्या!"

"हो, सावंतांनी सांगितलं मला," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांना फार आनंद झाला. म्हणाले, आली तेव्हा मनातलं अक्षर काढत नव्हती, आता बघा, भाषण करते!"