चंद्रव्वाचं अर्धं राहिलेलं भाषण

कुंभारीच्या चंद्रव्वानं जन्मभर विड्या वळल्या, पण तोरा मिरवला तो एकाच भाषणाचा. तरुणपणी सोलापुरातल्या युद्धविरोधी सभेत तिनं ते ठोकलं होतं. परवा लेक धनलक्ष्मी तिला चळवळीच्या जुन्या टेप जपणाऱ्या संग्रहालयात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी संगणकावर शोधलं, तर ‘चंद्रव्वा’ कुठंच नाही. त्या काळी बायकांना नवऱ्याच्या नावानं पुकारत, आणि नवऱ्याचं नाव काही चंद्रव्वा तोंडानं घेईना. शेवटी लेकीनंच वडिलांचं नाव सांगितलं. ‘प्रभुलिंगची बायको’ म्हणून टेप निघाली. खणखणीत आवाज घुमला, “आमची पोरं आमी...” आणि टेप संपली.

चंद्रव्वा पदर खोचून उठली. “...लढाईत मरायला न्हाय वाढवली!” तिनं वाक्य पुरं केलं. “आता हेबी टेप करा. आन् नाव चंद्रव्वा लिवा.”