पाच मीटर सरकलेली लाइन

“चौदा नंबर बाहेर आहे सर,” मी म्हणाले.

मोहिते सरांनी माझ्या टॅबकडे एकदा बघितलं आणि हॉर्न दाबला. निळी फुली असलेला पांढरा झेंडा वर गेला. समोर बावीस शिडाच्या होड्या एकदम सुटल्या होत्या. चौदा नंबरवरच्या मुलीने मागे वळून झेंडा बघितला, मग आपल्या डोलकाठीवरच्या छोट्या स्क्रीनकडे बघितलं, आणि ती तशीच पुढे गेली.

त्या झेंड्याचा अर्थ असा, की कुणीतरी वेळेआधी लाइन ओलांडली आहे. त्याने मागे येऊन नव्याने सुरुवात करायची. नाही आला, तर त्याची ती रेस धरत नाहीत.

मी बीडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूळची शिरूर कासारची. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काम दिलं की आधी भीती वाटते, आणि मग मी हो म्हणते. तेलगावजवळच्या धरणावर पाच दिवस शिडाच्या होड्यांच्या शर्यती होत्या. त्यातून राज्याची टीम निवडायची होती. जीपीएस सांभाळायला विद्यार्थी हवे होते. पोहता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी विहिरीत शिकले होते, तेवढं चाललं.

शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. धावण्याच्या शर्यतीसारखं रेषेवर उभं राहता येत नाही. उलटी मोजणी चालू असते तेव्हा सगळ्या होड्या लाइनच्या मागे घिरट्या घालतात आणि शून्याला पूर्ण वेगात लाइनवर पोचायचं बघतात. ही लाइन पाण्यावर आखलेली नसते. एका टोकाला सर आणि मी असतो त्या होडीवरचा झेंड्याचा खांब, दुसऱ्या टोकाला नारिंगी बोया, म्हणजे नांगर टाकून तरंगत ठेवलेला मोठा फुगा. या दोघांना जोडणारी रेघ मनात धरायची.

मोहिते सर या शर्यतींचे प्रमुख, नेव्हीतून रिटायर झालेले. ते खांबापाशी उभं राहून डोळ्याने लाइन बघतात. पण बोयाच्या टोकाला शिडांच्या आड काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक होडीच्या नाकावर ट्रॅकर, आणि माझ्या हातात टॅब. टॅबला लाइन कळावी म्हणून दोन्ही टोकांपाशी जाऊन बटण दाबायचं. याला पिंग म्हणतात. यंत्राला सांगायचं, की हे टोक इथे आहे. खेळाडूही आपापल्या यंत्रात तसंच करून घेतात. मग लाइन किती मीटर पुढे आहे ते त्यांना स्क्रीनवर दिसत राहतं.

चौदा नंबर दुसरी आली. होडी आमच्याजवळ आणून ती म्हणाली, “सर, मी बाहेर नव्हते. माझ्या यंत्रावर एक मीटर शिल्लक होता.”

तिचं नाव अदिती, नाशिकची.

“आमच्या टॅबवर तू चार मीटर बाहेर आहेस,” सर म्हणाले.

“मग तुमचा टॅब चुकतोय.”

“तक्रार लेखी दे. चार वाजता सुनावणी.” मग माझ्याकडे वळून, “शीतल, डेटा काढ आणि अर्ध्या पानाचा रिपोर्ट दे. ही रेस गेली तर ती टीममध्ये बसत नाही, एवढं लक्षात ठेव.”

काठावर मंडपात बसून मी टॅबची नोंद उघडली. बोयाचा पिंग नऊ पन्नासचा. स्टार्ट अकराला. मध्ये दुसरा पिंग नव्हता.

तो असायला हवा होता. स्टार्टच्या दहा मिनिटं आधी पुन्हा पिंग घ्यायचा, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रफिक चाचांना तसं म्हणालेही होते. रफिक चाचा तेलगावात मोटारी दुरुस्त करतात आणि शर्यतीपुरती लाँच चालवत होते. त्यांनी नुकतंच इंजिन बंद करून डबा उघडला होता.

“मघाशीच तर गेलतो ना पोरी. पुन्ना काहून? बोया काय पळून जातोय व्हय?”

ते चेष्टेत म्हणाले होते. मी नेटाने म्हटलं असतं तर ते उठले असते. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला जेवणावरून उठवायचं कसं, असं मला वाटलं. मी हसले आणि बसून राहिले.

आता मी नोंद त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली.

“म्हंजी चूक आपली हाय?”

“असू शकते. बोया हलला असेल तर.”

“मंग लिहू नको ते. कोन इचारतंय?”

“चाचा, ती मुलगी जाईल ना टीममधून.”

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मंग लिही. पन माझं नाव बी लिही. इंजन मी बंद केलतं.”

मी लिहिलं. त्यांचं नाव नाही लिहिलं, कारण काम माझं होतं. सरांनी कागद उभ्यानेच वाचला.

“पहिली तीन वाक्यं खोड,” ते म्हणाले. “मुद्दा चौथ्या वाक्यात आहे.”

“हो सर.”

“आणि अदितीचं यंत्र घेऊन ये.”

तिने बोयाचा पिंग दहा सत्तेचाळीसला घेतला होता. तिची जागा आणि माझी जागा आम्ही नकाशावर टाकून बघितली. दोन्हींत पाच मीटरचं अंतर होतं. तिचा बोया पुढे होता. म्हणजे खरी लाइन त्या टोकाला पुढे होती आणि मी तिला जुन्या लाइनवर मोजलं होतं. दोन्ही यंत्रं खरंच सांगत होती, फक्त वेगवेगळ्या वेळेचं.

“पण हे सुनावणीच्या पंचांना पुरणार नाही,” सर म्हणाले. “ते म्हणतील, तिचाच पिंग चुकला असेल. बोया खरंच हलला, हे दाखवावं लागेल.”

“नांगर घसरला असेल का सर?”

“आपली लाइन वाऱ्याकडे तोंड करून असते. घसरला तर वाऱ्याबरोबर मागे जाईल. हा वाऱ्याच्या तोंडावर पुढे गेलाय. बोया आपण होऊन तसा जात नाही. कुणीतरी नेलाय.”

आम्ही लाँच घेऊन गेलो. बोयापासून थोड्या अंतरावर गंगाराम मामा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होते. ते या पाण्यात रोज मासे धरतात. प्लॅस्टिकचे रिकामे डबे बांधून त्यांची जाळी तरंगत असतात.

“मामा, सकाळी हा बोया कुणी हलवला का?” मी विचारलं.

“मीच की. माझ्या जाळ्यावर आलता. मी आन माझ्या भावानं उचलून जरा पल्याड ठिवला.”

सरांनी डोळे मिटले आणि उघडले. “किती वाजता?”

“घड्याळ कुठं हाय साहेब. तुमची लाँच गेल्यावर. मंग ती चौदा नंबरची पोरगी आली, बोयाला चक्कर मारून गेली.”

“दुसऱ्याची वस्तू हलवायच्या आधी विचारायचं नाही का?”

“आमच्यात तसंच असतं. एकाचा डबा दुसऱ्याच्या जाळ्यावर आला तर दोरी कापायची न्हाई. उचलून बाजूला ठिवायचा. मला वाटलं, तुमचं बी असंच कायतरी जाळं आसंल खाली.”

रफिक चाचा इंजिनाकडे तोंड करून हसायला लागले. सरही हसले, पण जरा उशिराने.

सुनावणीला मामा ओल्या कपड्यांतच आले. तीन पंच टेबलामागे होते. मी माझा कागद वाचला. सावकाश वाचला. दुसरा पिंग घेतला नाही, हे वाक्य मध्येच आलं आणि गेलं, कुणी मान वर केली नाही. मग एका पंचांनी मामांना विचारलं, “बोयाला हात लावायचा नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“हात कुठं लावला साहेब. दोरीनं उचलला.”

पंधरा मिनिटांत निकाल आला. चूक शर्यत चालवणाऱ्यांची. चौदा नंबरचा दुसरा क्रमांक कायम.

अदिती पाणी प्यायला मंडपात थांबली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझ्यामुळेच गेलं होतं आणि तुझ्यामुळेच परत मिळालं. आता तुझ्याशी भांडू की नको?”

“आधी जेवून घे,” मी म्हणाले. आम्ही एकाच ताटात भाकरी आणि मामांनी दिलेला मासा खाल्ला.

पाचव्या दिवशी टीमची यादी लागली. तिचं नाव शेवटचं होतं, एका पॉइंटने आत आलेलं.

सर मला ओरडले नाहीत. त्यांनी सकाळच्या कामांच्या यादीत दोन ओळी वाढवायला सांगितल्या, आणि त्या माझ्याच अक्षरात हव्यात म्हणाले. पहिली, दुसऱ्या पिंगची वेळ आणि सही. दुसरी, बोया टाकण्याआधी जाळी कुठे आहेत ते मासेमारांना विचारणे. पुढच्या शर्यतीलाही त्यांनी मला बोलावलं आहे. मी विचार करून सांगते म्हणाले आणि मग लगेच हो म्हणाले.

या कामातून मी शिकले ते एवढंच. लाइन किती मीटरवर आहे, ते यंत्र अचूक सांगतं. ती अजून तिथेच आहे का, हे बघायला दर वेळी कुणाला तरी जेवणावरून उठवावं लागतं.