सारख्या फोडी

शेजारच्या वहिनी आंबा चिरून लेकीला भागाकार शिकवत होत्या. "आठ फोडी आहेत. तुला आणि दादाला सारख्या वाटून दाखव बघू."

एक इकडे, एक तिकडे करत तिनं दोन्ही बशा भरल्या. "शाब्बास!" म्हणत वहिनींनी तिच्या बशीतल्या दोन फोडी उचलून दादाच्या बशीत टाकल्या. "त्याला फार आवडतो गं. तू कोय चोख."

वहिनींनी मलाही आधी एक फोड दिली होती, ती तोंडात कडू लागली. किती लाडानं शिकवतो आपण हे! पाढे मुली विसरतात, हे मात्र जन्मभर पाठ राहतं.

"आई, मग माझं गणित चुकलं?"

"छे गं, अगदी बरोबर होतं," वहिनी हसल्या आणि कोय तिच्या बशीत ठेवली.