केबलवरचा गडगडाट

बारावीच्या क्लाससाठी लातूरला राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी जेवायचो त्या खानावळीत किल्लारीकडची एक बाई भाकरी करायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. नाव मी कधी विचारलंच नाही. तिला एका जागी बसवत नसे. भाकरी तव्यावर टाकली की दारापर्यंत जाऊन यायची.

खानावळीतल्या टीव्हीवर आमच्याच क्लासची जाहिरात लागायची. जमीन गडगडायची, भिंती कोसळायच्या आणि मोठी अक्षरं यायची, 'पाया कच्चा असेल तर?' आम्ही पोरं हसायचो. मावशी पिठाच्या हातांनी रस्त्यावर पळायची.

एका दुपारी ती मला म्हणाली, "चल, त्या केबलवाल्याचं दुकान दाखव."

ती जाहिरात बंद कर म्हटल्यावर केबलवाला वैतागला. "मावशी, ह्यात वंगाळ काय हाय? उघडंनागडं न्हाई, शिवीगाळ न्हाई."

"भूकंपात असाच आवाज आला," ती म्हणाली. "लेक म्हणली, आई, काय वाजायलंय? म्या म्हणलं, ट्रक हाय, झोप. तिनं ऐकलं माझं."

संध्याकाळपासून जाहिरात बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "एवढं काय होतं रे आपल्या जाहिरातीत? कुण्या अडाणी बाईनं बंद पाडली म्हणे."

वर्ग हसला. उत्तर एकट्या मला माहीत होतं. पण सर माझ्याकडेच बघत होते, म्हणून मीही हसलो.